छायाचित्रण भिंग : नवोदितांसाठी निवड

वस्तूपासून येणारे प्रकाशकिरण एकत्र आणून कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पृष्ठावर तिची स्पष्ट प्रतिमा पाडणाऱ्या भिंगसमूहास छायाचित्रण भिंग म्हणतात. व्यवहारात त्याचा उल्लेख लेन्स असा केला जातो. पूर्वी हे पृष्ठ काचपट्टीचे वा फिल्मचे असे. आता बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनीय संवेदक असतो. पृष्ठ बदलले तरी भिंगाचे कार्य तेच राहिले आहे. भिंग बदलता येणारा कॅमेरा प्रथमच हाती घेणाऱ्यास पडणारा पहिला मोठा प्रश्न म्हणजे घरातील समारंभापासून देवळातील शिल्पापर्यंत सर्व कामांस उपयोगी पडेल असे एकच भिंग कोणते, हा होय. ज्याच्याजवळ एकाच भिंगापुरते पैसे असतात, त्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते. कारण पुढील अनेक वर्षांतील त्याच्या छायाचित्रांची मर्यादा त्या भिंगाने आखली जाते.

भिंगाचे अष्टपैलुत्व मुख्यत्वे दोन गोष्टींवरून ठरते : छायाचित्रकारास विषयापासून किती अंतरावर उभे राहता येते आणि तेथे प्रकाश किती असतो. या दोन्ही गोष्टी स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत जालना जिल्ह्यातील उदाहरणे घेतली आहेत. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा असून दक्षिणेस गोदावरी नदी आहे. यादवकालीन मंदिरे, टेकडीवरील देवस्थाने, मोसंबीच्या बागा, संकरित बियाण्यांचे प्लॉट, गजबजलेल्या बाजारपेठा व लग्नमंडप असे प्रकाशाच्या व अंतराच्या दृष्टीने परस्परांहून भिन्न असलेले विषय येथे थोड्या परिसरात आढळतात.

केंद्रांतर व दृष्टिक्षेत्र : अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट पडते तेव्हा भिंगाचा प्रकाशीय मध्य व प्रतिमापृष्ठ यांत जे अंतर असते, त्यास स्थूलमानाने भिंगाचे केंद्रांतर म्हणतात. ते मिमी. मध्ये सांगतात. केंद्रांतर कमी असेल, तर भिंगात सामावणारा देखावा विस्तृत असतो. ते वाढते तसा देखावा आक्रसतो व वस्तू मोठी दिसते. २४ × ३६ मिमी. आकाराच्या पूर्ण चौकटीच्या संवेदकावर २४ मिमी. भिंगाचा कर्णकोन सु. ८४°, ५० मिमी. भिंगाचा सु. ४७°, १०० मिमी. भिंगाचा सु. २४° आणि २०० मिमी. भिंगाचा सु. १२° असतो. चौकटीच्या कर्णाच्या जवळपास (येथे सु. ४३ मिमी.) केंद्रांतर असलेल्या भिंगास सामान्य भिंग म्हणतात. त्याहून बरेच कमी केंद्रांतर असलेले ते विशालकोनी भिंग व बरेच जास्त असलेले ते दूरचित्रण भिंग होय.

नवोदितांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक याहून लहान, सु. २३·५ × १५·६ मिमी. आकाराचा असतो. अशा कॅमेऱ्यावर कोणत्याही भिंगाचे दृष्टिक्षेत्र पूर्ण चौकटीवरील दीडपट केंद्रांतराच्या भिंगाएवढे भरते. म्हणजे ३५ मिमी. भिंग तेथे सामान्य भिंगाचे काम करते आणि ५० मिमी. भिंग व्यक्तिचित्रणास सोयीच्या, काहीशा अरुंद दृष्टिक्षेत्राचे ठरते. दुसऱ्याने शिफारस केलेले भिंग घेण्यापूर्वी ती शिफारस कोणत्या आकाराच्या संवेदकासाठी आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

चौकटीत किती रुंदीचा देखावा मावेल हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. संवेदकाच्या रुंदीस विषयाच्या अंतराने गुणून केंद्रांतराने भागले की ती रुंदी मिळते. वर सांगितलेल्या लहान संवेदकावर १० मी. अंतरावरून १८ मिमी. भिंगात सु. १३ मी., ५५ मिमी. भिंगात सु. ४·३ मी. आणि १४० मिमी. भिंगात सु. १·७ मी. रुंदीचा देखावा येतो. आपल्या नेहमीच्या विषयांचे आकार व अंतरे ठाऊक असल्यास भिंग विकत घेण्यापूर्वी कागदावरच त्याची परीक्षा अशा रीतीने करता येते.

यथादर्शन, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांतील दृश्य प्रमाण, हे केंद्रांतरावर नव्हे तर कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. विशालकोनी भिंगाने चेहऱ्याचे चित्र घेताना चौकट भरण्यासाठी फार जवळ जावे लागते आणि त्यामुळे नाक मोठे व कान लहान दिसतात. हा दोष भिंगाचा मानला जातो. वस्तुतः तो अंतराचा असतो. झूम भिंग फिरविणे व दोन पावले मागेपुढे होणे या क्रियांचा परिणाम सारखा नसतो, ही गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे.

छिद्र व प्रकाश : भिंगातून जाणारा प्रकाश आतील पात्यांनी बनलेल्या, लहानमोठ्या करता येणाऱ्या छिद्राने नियंत्रित होतो. केंद्रांतरास छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या म्हणजे एफ अंक. ५० मिमी. केंद्रांतराच्या एफ/१·८ भिंगाचे पूर्ण उघडलेले छिद्र सु. २८ मिमी. व्यासाचे असते. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. प्रकाशाचे प्रमाण या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने एफ/५·६ च्या तुलनेत एफ/१·८ ला संवेदकावर जवळजवळ दहापट प्रकाश पोहोचतो. अंधाऱ्या सभामंडपात एका भिंगास सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागत असेल, तर दुसऱ्यास सु. शंभरावा भाग पुरतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने पहिले चित्र हलण्याचा संभव फार. दुसरे बहुधा स्पष्ट येते.

हात हलल्याने चित्र पुसट होऊ नये म्हणून उद्‌भासनाचा काळ समतुल्य केंद्रांतराच्या व्यस्तांकापेक्षा जास्त नसावा, असा एक जुना ठोकताळा आहे. १०० मिमी. समतुल्य भिंगास सेकंदाचा शंभरावा भाग, ५० मिमी. समतुल्य भिंगास पन्नासावा, याप्रमाणे. अलीकडील अनेक भिंगांत वा कॅमेऱ्यांत कंपननिवारणाची योजना असते. तिच्यामुळे ही मर्यादा बरीच शिथिल होते. तथापि ती फक्त छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन शमविते. धावणारे मूल किंवा वधूवरांवर पडणाऱ्या अक्षता तिने स्थिर होत नाहीत. त्यासाठी मोठे छिद्र किंवा अधिक प्रकाश हाच उपाय असतो.

मोठ्या छिद्राची किंमत स्पष्टतेच्या खोलीच्या रूपाने मोजावी लागते. लहान संवेदकावर ५० मिमी. भिंगाने २ मी. अंतरावरील व्यक्तीचे चित्र एफ/१·८ ला घेतल्यास सु. ११ सेंमी. खोलीचाच भाग स्पष्ट येतो. एफ/८ ला ही खोली सु. ५० सेंमी. होते. एका व्यक्तीच्या चित्रात अस्पष्ट पार्श्वभूमी शोभते, परंतु तीन ओळींत बसलेल्या कुटुंबाच्या चित्रात मागील ओळ अस्पष्ट येणे चालत नाही.

ऐतिहासिक आढावा : १८४० मध्ये योझेफ पेट्सव्हाल यांनी व्यक्तिचित्रणासाठी गणिताने आखलेले मोठ्या छिद्राचे भिंग तयार केले. एच्. डेनिस टेलर यांचे तीन घटकांचे कुक ट्रिप्लेट (१८९३) आणि पाउल रुडॉल्फ यांची प्लानार (१८९६) व टेसार (१९०२) ही भिंगे पुढील काळातील असंख्य भिंगांचे मूळ नमुने ठरली. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यास ५० मिमी. भिंग होते आणि त्यानंतर छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यांबरोबर याच केंद्रांतराचे भिंग देण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. १९३५ मध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगाच्या पृष्ठावरील परावर्तन कमी करणारे लेपन शोधून काढले. त्यामुळे अनेक घटकांची गुंतागुंतीची भिंगे व्यवहार्य झाली. स्थिरचित्रणाच्या छोट्या फिल्मसाठी व्यापारी तत्त्वावर तयार झालेले पहिले झूम भिंग म्हणजे १९५९ मधील ३६–८२ मिमी. चे झूमार. कॅमेऱ्याबरोबर झूम भिंग देण्याची प्रथा त्यानंतर काही दशकांनी सर्वत्र रूढ झाली.

अजिंठ्याच्या परिसराचा छायाचित्रणाशी संबंध जुना आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला आणि लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांनी रंगविलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथील सहावे निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार म्हणून लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी कीर्ती मिळविली. या सर्वांच्या काळी काचपट्ट्या अवजड असून तिपाईवाचून काम होत नसे. स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेल्या आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यांत भिंग बदलण्याची सोयच नव्हती. निवडीचा प्रश्नही त्यामुळे उद्‌भवत नसे.

प्रकार : निवडीच्या दृष्टीने भिंगांचे दोन वर्ग पडतात. स्थिर केंद्रांतराच्या भिंगात घटक थोडे असल्याने ते हलके, तीक्ष्ण प्रतिमा देणारे व मोठ्या छिद्राचे करता येते. ५० मिमी. एफ/१·८ हे बहुतेक उत्पादकांच्या यादीतील अत्यंत स्वस्त भिंगांपैकी एक असते. कारण त्याची रचना जुनी, सुप्रस्थापित व सोपी आहे. चल केंद्रांतराच्या, म्हणजेच झूम भिंगात काही घटकसमूह मागेपुढे सरकवून केंद्रांतर बदलता येते. प्रत्येक केंद्रांतरास सर्व विपथनांचे निवारण एकाच रचनेत करावे लागल्याने त्यात तडजोड अटळ असते.

झूम भिंगांत पुन्हा तीन प्रकार आढळतात. पहिला, कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८–५५ मिमी. एफ/३·५–५·६ सारखे लहान पल्ल्याचे भिंग. ते पूर्ण चौकटीवरील सु. २७–८२ मिमी. एवढे क्षेत्र व्यापते. दुसरा, १८–२०० मिमी. सारखे दीर्घ पल्ल्याचे भिंग. तिसरा, १७–५० मिमी. सारख्या मर्यादित पल्ल्यात सर्वत्र एफ/२·८ छिद्र देणारे भिंग. ते वजनाने व किमतीने भारी असून मुख्यतः समारंभांचे व्यावसायिक चित्रण करणाऱ्यांकडे आढळते.

दीर्घ पल्ल्याच्या भिंगासच सामान्यतः अष्टपैलू म्हटले जाते आणि नवोदिताचे मन त्याकडे ओढले जाते. धुळीच्या रस्त्याने जाणाऱ्या दिंडीत किंवा यात्रेत, जेथे भिंग काढून दुसरे बसविणे संवेदकास अपायकारक असते, तेथे ते खरोखर सोयीचे असते. परंतु त्याच्या लांब टोकास छिद्र एफ/५·६ किंवा एफ/६·३ इतके लहान होते. सरळ रेषा विशालकोनी टोकास बाहेरच्या बाजूस फुगलेल्या व लांब टोकाकडे आत दबलेल्या दिसतात; चौकटीच्या कडा काहीशा मऊ येतात. रेषांची वक्रता व कडांवरील रंगीत झालर संगणकाने बऱ्याच अंशी दुरुस्त करता येते. न मिळालेला प्रकाश मात्र मागाहून मिळविता येत नाही.

जिल्ह्यातील काही विषय : (१) भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील महादेव मंदिर कोरीव स्तंभांच्या मंडपासाठी व बाह्य भिंतींवरील शिल्पांसाठी प्रसिद्ध आहे. मंडपात मागे सरकण्यास जागा थोडी असते व भर दुपारीही आतील प्रकाश मंद असतो. लहान संवेदकाचा कॅमेरा उभा धरून ३ मी. अंतरावरून १८ मिमी. भिंगात सु. ३·९ मी. उंचीचा भाग मावतो, ५० मिमी. भिंगात तो सु. १·४ मी. एवढाच येतो. म्हणजे संपूर्ण मंडपाचा बोध होण्यास पहिले भिंग आणि स्तंभावरील एखाद्या शिल्पासाठी दुसरे उपयुक्त ठरते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील वास्तूंत तिपाई लावून चित्रण करण्यास पूर्वपरवानगी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तिपाई व फ्लॅश दोन्ही वर्ज्य असतील, तेथे छिद्राचा आकार व कंपननिवारण यांवरच सारी भिस्त राहते.

(२) अंबड येथील मत्स्योदरी देवीचे मंदिर टेकडीवर आहे. खालून टेकडीचे चित्र घेण्यास व वरून गावाचा विस्तार दाखविण्यास प्रकाशाची वाण नसते. येथे छिद्र मोठे असण्याला महत्त्व नाही. एफ/८ च्या आसपास साधे झूम भिंगही उत्तम स्पष्टता देते. उन्हाळ्यातील प्रखर प्रकाशात भिंगावर तिरपे किरण पडून चित्र फिके होते. म्हणून भिंगाच्या तोंडावर बसणारे हूड नेहमी वापरावे.

(३) जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तर १९६४ मध्ये येथे स्थापन झालेल्या महिको कंपनीमुळे संकरित बियाण्यांच्या उद्योगात जालन्याचे नाव देशभर झाले. बागेतील फळांचे किंवा हाताने परागीकरण करावयाच्या कपाशीच्या फुलाचे चित्र घेताना भिंग किती जवळून केंद्रित होते, याला महत्त्व येते. १८–५५ मिमी. वर्गातील अनेक भिंगे सु. २५ सेंमी. पर्यंत जवळ जाऊ शकतात व लांब टोकास वस्तूच्या सु. ०·३ पट प्रतिमा देतात, म्हणजे सु. ८ सेंमी. रुंदीचे क्षेत्र चौकटभर येते. पानावरील कीड अथवा फुलातील परागकोश यांच्या अभ्यासास हे बहुधा पुरेसे असते. दीर्घ पल्ल्याच्या किंवा मोठ्या छिद्राच्या महागड्या भिंगातही ही क्षमता असेलच असे नाही.

(४) लग्नमंडपात विषय सतत हलतो, गर्दीमुळे जागा बदलणे कठीण जाते व प्रकाश संमिश्र असतो. येथे झूम भिंगाची सोय निर्विवाद असते. विधीच्या वेळी विशालकोनी टोक आणि वधूच्या चेहऱ्यासाठी लांब टोक लागते. नवोदिताने साध्या झूम भिंगास फ्लॅशची जोड द्यावी आणि फ्लॅशचा झोत पांढऱ्या छताकडे वळवून परावर्तित प्रकाश घ्यावा. नवीन भिंगापेक्षा हा उपाय अनेकदा अधिक फलदायी ठरतो.

(५) ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या समर्थ रामदासांच्या जन्मगावी राममंदिरातील पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीस गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या हस्तगत केल्या. अशा प्रसंगी मूर्तीची ओळख पटविण्यास स्पष्ट व मोजमापासह घेतलेली छायाचित्रे मोलाची असतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीत वस्तूचे छायाचित्र घेणे ही पहिलीच पायरी आहे. गावोगावच्या देवळांतील मूर्तींची अशी नोंद गावातील कॅमेरा बाळगणाऱ्या व्यक्तीस देवस्थानाच्या संमतीने करता येण्याजोगी आहे. त्यासाठी महागडे भिंग लागत नाही, योग्य भिंग लागते. ३० सेंमी. उंचीच्या मूर्तीने उभी चौकट बहुतांशी भरावयाची झाल्यास ५० मिमी. भिंगाने सु. ८० सेंमी. अंतरावर आणि १८ मिमी. भिंगाने सु. २९ सेंमी. अंतरावर कॅमेरा धरावा लागतो. मूर्तीचा पुढील भाग मागील भागापेक्षा १० सेंमी. जवळ असेल, तर तो पहिल्या चित्रात सु. एक-अष्टमांशाने आणि दुसऱ्यात सु. एक-तृतीयांशाने मोठा भासतो. दुसऱ्या चित्रावरून मूर्तीची प्रमाणे ताडून पाहणे फसवे ठरेल. म्हणून अशा नोंदीसाठी ५० मिमी. भिंग किंवा साध्या झूम भिंगाचे ५५ मिमी. टोक घ्यावे, कॅमेरा मूर्तीच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा, शेजारी मोजपट्टी ठेवून पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी चित्रे घ्यावीत आणि कोरलेले लेख, तडे, झीज अशा ओळखीच्या खुणांची निराळी चित्रे जवळून घ्यावीत.

निवडीची पद्धती : वरील उदाहरणांवरून असे दिसते की, जिल्ह्यातील नित्याच्या विषयांपैकी बहुतेक १८ ते ५५ मिमी. च्या पल्ल्यात बसतात आणि अडचण येते ती प्रामुख्याने प्रकाशाची. म्हणून लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर आरंभ करणाऱ्याने प्रथम कॅमेऱ्याबरोबर मिळणारे लहान पल्ल्याचे झूम भिंग घ्यावे, शक्य तर कंपननिवारण असलेले. ते कमी प्रतीचे समजून टाळणे व त्याऐवजी एकदम दीर्घ पल्ल्याचे भिंग घेणे बहुधा तोट्याचे ठरते.

दुसरे भिंग कोणते, हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. अंकीय छायाचित्राच्या फाइलीत केंद्रांतर, एफ अंक व उद्‌भासनाचा काळ यांची नोंद आपोआप होते. काही महिन्यांत पाचशेच्या आसपास चित्रे घ्यावीत, त्यांतील उत्तम वाटणारी पन्नास निवडावीत आणि त्यांची केंद्रांतरे एका कागदावर मांडावीत. निवडलेली बहुतेक चित्रे ३० ते ३५ मिमी. च्या जवळपास असतील आणि अंधारात हललेल्या चित्रांची संख्या मोठी असेल, तर ३५ मिमी. एफ/१·८ भिंग घ्यावे. व्यक्तिचित्रे व शिल्पे यांचा भरणा असेल, तर ५० मिमी. एफ/१·८ योग्य. चित्रे वारंवार ५५ मिमी. या अखेरच्या टोकालाच घेतलेली असतील आणि पक्षी, मैदानी खेळ किंवा दूरचे व्यासपीठ हे विषय असतील, तरच ५५–२०० मिमी. सारख्या दूरचित्रण झूम भिंगाचा विचार करावा. सारखी १८ मिमी. वरच गर्दी दिसल्यास अधिक विशालकोनी भिंगाची गरज आहे असे समजावे. तथापि काही पावले मागे जाऊन काम भागते काय, हे आधी पाहावे.

कोणते स्थिर केंद्रांतर आपल्यास रुचेल हे कळण्यासाठी आणखी एक बिनखर्ची प्रयोग करता येतो. झूम भिंग ३५ मिमी. वर ठेवून एक आठवडा ते न फिरविता चित्रे घ्यावीत व पुढील आठवड्यात ५० मिमी. वर. चौकट साधण्यासाठी स्वतः जागा बदलण्याची सवय त्यामुळे लागते. ही सवय कोणत्याही भिंगास उपयोगी पडते.

खरेदी व निगा : प्रत्येक उत्पादकाची भिंग बसविण्याची बैठक, म्हणजेच माउंट, निराळी असते आणि एकाच उत्पादकाच्या जुन्या व नव्या कॅमेऱ्यांतही ती भिन्न असू शकते. जोडणी साधणारी कडी मिळते. परंतु सर्वच जोडण्यांत स्वयंचलित केंद्रीकरण चालत नाही. वापरलेले भिंग घेणे नवोदितास परवडते; मात्र ते तपासून घ्यावे. छिद्र पूर्ण उघडून भिंग दिव्यासमोर धरावे : आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी असते व असे भिंग घेऊ नये. धुळीच्या चार कणांनी किंवा पुढील काचेवरील एखाद्या बारीक ओरखड्याने चित्रात सहसा फरक पडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे व त्यांची हालचाल चटकन व्हावी. त्यानंतर विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा समांतर ठेवून सर्वांत मोठ्या छिद्रास व एफ/८ ला चित्रे घ्यावीत. एका बाजूची कडा दुसरीपेक्षा सतत अस्पष्ट येत असल्यास आतील एखादा घटक सरकलेला असण्याची शक्यता असते.

मराठवाड्यातील उन्हाळ्यात धूळ व पावसाळ्यात दमटपणा या दोन्हींपासून भिंगाचे रक्षण करावे लागते. धूळ प्रथम फुग्याने उडवावी. कोरड्या कापडाने लगेच पुसल्यास कण काचेवर घासले जातात. पावसाळ्यात भिंग चामडी पिशवीत बंद ठेवल्यास बुरशी लवकर धरते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावे. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत भिंग ठेवू नये.

आजचे भ्रमणध्वनी एकाहून अधिक छोटी भिंगे व संगणकीय संस्कार यांच्या साहाय्याने सामान्य प्रसंगांची चांगली चित्रे देतात. त्यांतील मुख्य भिंग बहुधा पूर्ण चौकटीवरील २४ ते २६ मिमी. भिंगाएवढे विशालकोनी असते. त्यामुळे देखावे व समूहचित्रे यांसाठी वेगळ्या कॅमेऱ्याची निकड अनेकांस भासत नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यातील मूर्ती, योग्य प्रमाणातील व्यक्तिचित्र, दूरचा विषय किंवा भिंतीच्या आकारात छापावयाचे चित्र यांसाठी मात्र मोठा संवेदक व त्यास साजेसे भिंग यांचे महत्त्व टिकून आहे. कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनीय भाग काही वर्षांत कालबाह्य होतात. नीट सांभाळलेले भिंग, बैठक जुळत असेल तोवर, एकापाठोपाठ एक अनेक कॅमेऱ्यांवर काम देते. खर्चाची विभागणी करताना, म्हणूनच, साधा कॅमेरा व कामास अनुरूप भिंग हा क्रम नवोदितास अधिक लाभदायक ठरतो.